ईसीजी सिग्नल सारखा सारखा बिघडतोय? फिल्टर लावायच्या आधी हे तपासा

एडी ८२३२ (हृदयाचा सिग्नल वाढवणारी चिप) चं तयार मॉड्यूल असो नाहीतर स्वतः अँप्लिफायर लावून बनवलेला बोर्ड, तक्रार जवळपास सारखीच असते. परवा सिग्नल मस्त येत होता, पी, क्यूआरएस, टी (एका ठोक्यातले ओळीने येणारे उंचवटे, त्यातला उंच काटा म्हणजे क्यूआरएस) सगळं नीट दिसत होतं, आणि आज काही बदललेलं नसताना स्क्रीनवर नुसती जाड पट्टी हलतेय. मग कोणीतरी सांगतं कोडमध्ये ५० हर्ट्झचा नॉच (तेवढीच एक फ्रीक्वेन्सी कापणारा फिल्टर) टाक, कोणी सांगतं मूव्हिंग अ‍ॅव्हरेज घे, ते टाकलं की दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. माझं मत अगदी पक्कं आहे: फिल्टर सगळ्यात शेवटी. बिघाड कुठे शिरतोय ते न शोधता फिल्टर लावला तर तो बिघाड जात नाही, त्याला ईसीजीसारखा गोल गुळगुळीत आकार मिळतो आणि मग तो ओळखणंच अवघड होतं. आणि "काही बदललेलं नाही" हे सहसा खरं नसतं, चार्जर लावलेला असतो, अंगाला चिकटवायच्या इलेक्ट्रोडच्या पॅचचं पाकीट आठवडाभर उघडं पडलेलं असतं, बसायची जागा बदललेली असते.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट, आणि ही कृपा करून वगळू नका. अंगाला इलेक्ट्रोड लावलेले असताना लॅपटॉप बॅटरीवरच पाहिजे, चार्जर काढलेला, एक्सटर्नल मॉनिटर काढलेला, प्रिंटर काढलेला, आणि भिंतीच्या सॉकेटवर चालणारा ऑसिलोस्कोप त्याच सर्किटला जोडायचा नाही. हॉस्पिटलच्या मशीनमध्ये माणूस आणि मेन सप्लाय यांच्यामध्ये आयसोलेशन असतं, हृदयाला थेट जोडायच्या उपकरणांना तर नेहमीच्या स्थितीत फक्त १० मायक्रोअँपिअर करंटची गळती चालते. आपल्या मॉड्यूलमध्ये असलं काहीही नसतं, म्हणजे चार्जर बिघडला तर मेनचा करंट थेट अंगातून जाऊ शकतो.

आता आधी आकार बघा. कोडमधले सगळे फिल्टर बंद करा आणि दहा-पंधरा सेकंदांचा कच्चा डेटा साठवा. एकसारखी बारीक दाट लाट असेल आणि मोजल्यावर दोन शिखरांमध्ये २० मिलिसेकंद निघाले तर ती मेनची ५० हर्ट्झ आहे, ज्या देशात ६० हर्ट्झ आहे तिथे हेच १६.७ निघतील. दाट आहे पण वेडीवाकडी, आणि हात घट्ट केला की वाढते, तर ते स्नायू. पूर्ण ट्रेस श्वासाबरोबर हळूहळू वर-खाली होतोय, तर बेसलाइन (ट्रेसची मूळ पातळी) सरकतेय. वरचे टोक सपाट कापल्यासारखे दिसतायत किंवा रेघ एकदम शून्याला नाहीतर कमालीला चिकटलीय, तर अँप्लिफायर सॅच्युरेट झालाय, म्हणजे त्याचं आउटपुट मर्यादेला टेकलंय. आणि ठरावीक अंतराने एकेकटे उभे काटे येत असतील तर ते बहुतेक वेळा शरीरातून नाही, बोर्डातून येतात.

यानंतरची टेस्ट मी सगळ्यात जास्त मानते, कारण अर्धा प्रश्न ती एका मिनिटात सोडवते. तिन्ही लीडची, म्हणजे इलेक्ट्रोडला जाणाऱ्या वायरींची, टोकं अंगावरून काढा आणि एकमेकांना जोडा, एका वायरच्या तुकड्याने किंवा नाण्यावर तिन्ही क्लिप धरून. आता रेघ सपाट आणि सप्लायच्या साधारण निम्म्यावर यायला हवी. ३.३ व्होल्टवर चालणारं मॉड्यूल ५ व्होल्ट रेफरन्सच्या अर्डुइनो उनोला जोडलं असेल तर आकडा ३३८ च्या आसपास दिसेल. रेघ सपाट आली तर बोर्ड, सप्लाय, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) सगळं ठीक आहे, दोष इलेक्ट्रोडकडे, शरीराकडे किंवा भोवतालच्या वायरिंगकडे आहे. सपाट नाही आली तर केबल काढून थेट जॅकपाशी शॉर्ट करा. तिथे शांत झाली तर केबल खराब, तिथेही हलतेय तर बोर्डापासून पुढे शोधा. एवढं न करता लोक नवीन मॉड्यूल मागवतात, आणि नव्यावरही तेच दिसतं कारण पॅच तेच जुने असतात.

बहुतेकांची शॉर्ट टेस्ट पास होते आणि अंगाला लावलं की ५० हर्ट्झ परत येते, म्हणून हे नीट समजून घेऊ. खोलीतल्या वायरी आणि आपलं शरीर यांच्यामध्ये थोडी कपॅसिटन्स असते, तिच्यातून शरीरात अगदी थोडा करंट शिरतो, समजा ०.२ मायक्रोअँपिअर. तो बाहेर पडतो उजव्या पायाच्या, म्हणजे रेफरन्सच्या पॅचमधून. तो पॅच सुकून ५० किलोओहमचा झाला असेल तर गुणाकार करा, १० मिलिव्होल्ट. म्हणजे अख्खं शरीर १० मिलिव्होल्टने वर-खाली होतंय, आणि हृदयाचा क्यूआरएस असतो साधारण १ मिलिव्होल्ट. हे १० मिलिव्होल्ट दोन्ही इनपुटवर सारखेच आले तर अँप्लिफायर त्यांची वजाबाकी करतो, म्हणून एरवी दिसत नाहीत. पण दोन इलेक्ट्रोडमध्ये २० किलोओहमचा फरक असेल आणि अँप्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या करंटला होणारा विरोध) ५ मेगओहम असेल तर त्यातले ४० मायक्रोव्होल्ट वजाबाकीतून निसटतात आणि सिग्नल बनून पुढे जातात. पी वेव्हच मुळात १०० ते २०० मायक्रोव्होल्टची, तिच्यावर ४० चा कंप म्हणजे ती वाचता येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, दोन्ही पॅच "चांगले" असण्यापेक्षा ते एकमेकांसारखे असणं जास्त महत्त्वाचं. एक पॅच नवीन आणि दुसरा कालचा, ही सगळ्यात वाईट जोडी, त्यापेक्षा दोन्ही कालचे परवडले. दोन, उजव्या पायाच्या पॅचकडे कोणी लक्ष देत नाही कारण "त्यातून सिग्नल येत नाही", पण नॉइज कमी ठेवायचं काम तोच करतो. उजव्या पायाला जो ड्राइव्ह देतात, त्यावर विंटर आणि वेबस्टर यांचा १९८३ चा पेपर आजही वाचावा असा आहे, तत्त्व एवढंच की दोन्ही इनपुटवरचं समान व्होल्टेज उलटं करून शरीरात परत द्यायचं, म्हणजे शरीर शांत राहतं. तो पॅच सुटला किंवा सुकला की हे सगळं संपलं.

आता पॅच. जेल लावलेले सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे पॅच घ्या, तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले. धातू आणि जेल जिथे भेटतात तिथे आपोआप एक व्होल्टेज तयार होतं, सिल्व्हर क्लोराइडचं सुमारे ०.२२ व्होल्ट, दोन्हीकडे सारखं असलं की ते एकमेकांना कापतं. एकीकडे हा पॅच आणि दुसरीकडे नाणं, फॉइल किंवा स्टीलची पट्टी असं केलं की फरक शेकडो मिलिव्होल्टवर जातो. एडी ८२३२ ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा फरक सांभाळून घेतो, तशी सोय त्याच्या आत आहे, पण घरी बनवलेल्या बोर्डात पहिल्याच स्टेजला १०० गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) ठेवलेला असतो आणि मग ५० मिलिव्होल्टच्या फरकाला ५ व्होल्ट आउटपुट लागतं, सप्लाय ३.३ चा. रेघ वर जाऊन चिकटणारच. पहिल्या स्टेजचा गेन ५ ते १० ठेवा, मग हाय पास (हळू होणारे बदल अडवणारा फिल्टर), मग उरलेला गेन. यात तडजोड नाही.

पाकीट उघडल्यावर जेल सुकायला लागतं, बाहेरून पॅच तसाच दिसतो पण मधल्या जेलला बोट लावलं की ते ओलसर चिकट न लागता रबरासारखं लागतं, तो पॅच टाकून द्या. उरलेले पॅच त्याच पाकिटाची घडी घट्ट दुमडून झिपच्या पिशवीत ठेवा. "सोमवारी चालत होतं, शुक्रवारी नाही" याचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं.

आणि त्वचा. लोशन, घाम, तेल असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, केस असतील तिथे पॅच लावू नका किंवा केस काढा, मग खरखरीत गॉझने किंवा टॉवेलच्या कडेने चार-पाच वेळा हलकं घासा, लाल होईपर्यंत नाही, वरचा मृत थर निघण्यापुरतं. याने हालचालीमुळे येणारे झटकेही कमी होतात, कारण त्वचा ताणली गेली की तिच्या वरच्या थरातलं व्होल्टेज बदलतं, आणि तो थरच पातळ झाला की बदलायला फारसं काही उरत नाही. पॅच लावून पाचेक मिनिटं थांबा, जेल मुरू द्या, लगेच लावून लगेच बघितलं तर बेसलाइन सरकताना दिसेलच. मनगटावर लावायच्या ऐवजी दोन पॅच कॉलरबोनच्या खाली आणि तिसरा, म्हणजे उजव्या पायाचा म्हणतात तो, खालच्या बरगडीपाशी लावा, हाताच्या स्नायूंचा त्रास बराच कमी होतो. हात मांडीवर सैल सोडा, थंडी वाजत असेल तर आधी अंग गरम होऊ द्या, बारीक कापरं डोळ्याला दिसत नाही पण ट्रेसवर दिसतं.

चार्जरचं कोडं पण इथेच सांगते. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं आणि आतल्या, नॉइज दाबायला लावलेल्या वाय कपॅसिटरमुळे लॅपटॉपचा ग्राउंड मेनच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतो. करंट अगदी थोडा असतो, पण लॅपटॉपच्या धातूवरून बोट फिरवल्यावर जी बारीक झिणझिण लागते ती हीच. हाच ग्राउंड यूएसबीतून तुमच्या मॉड्यूलला जातो. म्हणून चार्जर काढला की सिग्नल एकदम साफ होतो. काही ठिकाणी उलटंही दिसतं, अर्थिंगवाला तीन पिनांचा चार्जर लावला की नॉइज कमी होतो, आणि मग लोक तो लावूनच ठेवतात. सिग्नल छान दिसतोय म्हणून तसं करू नका, वर सांगितलेला धोका तसाच आहे. बॅटरीवर ठेवा आणि बाकीचं दुरुस्त करा: तिन्ही लीड सैल पसरू न देता एकमेकांत पीळ घालून न्या, एक्सटेन्शन बोर्ड आणि अ‍ॅडॉप्टरपासून लांब बसा, पलंगाच्या किंवा टेबलाच्या मागून वायरिंग गेलं असेल तर जागा बदला. दोन फूट सरकल्याने पडणारा फरक बघितल्याशिवाय पटत नाही.

शॉर्ट टेस्टमध्येच दोष दिसला तर बोर्डाकडे या. जॅक सैल आहे का, जंपर वायर हलवली की काटा येतो का, ब्रेडबोर्डचं ते भोक ढिलं झालंय का. मॉड्यूलच्या सप्लाय पिनांच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरॅड आणि १० मायक्रोफॅरॅड लावा. एडी ८२३२ ला सप्लाय २ ते ३.५ व्होल्टच, ५ व्होल्टच्या पिनला चुकूनही नाही. स्वतः सोल्डर केलं असेल तर इनपुटच्या आसपासचं फ्लक्स (सोल्डरिंगला वापरलेलं चिकट रसायन) आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसून काढा, तिथे १० मेगओहमचे रेझिस्टर असतात आणि फ्लक्सचा चिकट थर दमट हवेत तेवढ्याच तोलाचा गळका रस्ता तयार करतो. कोरड्या दिवशी चालणारा आणि पावसाळी दिवशी रुसणारा बोर्ड दिसला की मला आधी फ्लक्सचाच संशय येतो.

आता सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला किती रीडिंग घेतो ते, आणि इथे जरा थांबा, कारण इथला बिघाड फार फसवा असतो. कोडमध्ये लूपच्या शेवटी डिले २० लिहिलेलं असतं. रीडिंग आणि प्रिंटचा वेळ धरून एक फेरी २०.४ मिलिसेकंदांची होते, म्हणजे सेकंदाला साधारण ४९ सॅम्पल. ५० हर्ट्झची मेन ४९ च्या वेगाने बघितली की ती स्क्रीनवर १ हर्ट्झची लाट होऊन दिसते. एक हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ६० ठोके! टेबलावर सुटी पडलेली वायर अशी निवांत "धडधडताना" दिसते, आणि अंगाला लावल्यावर तीच लाट खऱ्या ठोक्यांमध्ये मिसळून सगळा आकार वाकवते. मूव्हिंग अ‍ॅव्हरेजने हे जात नाही, जाणारच नाही, कारण नंबर तयार झाले तेव्हाच ती चुकीच्या जागी बसलेली असते.

दुसरी अडचण बॉड रेटची, म्हणजे कॉम्प्युटरकडे डेटा पाठवायच्या वेगाची. ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. "३३८" आणि ओळ संपवायची दोन अक्षरं मिळून पाच, म्हणजे कमाल १९२ सॅम्पल. आकडा चार अंकी झाला की सहा अक्षरं, १६० सॅम्पल. म्हणजे सिग्नल ९९९ च्या वर गेला की वेळेचा अक्षच ताणला जातो, क्यूआरएस कधी रुंद कधी अरुंद दिसतो आणि माणूस हार्डवेअरमध्ये दोष शोधत बसतो. १,१५,२०० बॉड ठेवा, डिले काढा, टायमर इंटरप्टने किंवा निदान मायक्रोसेकंद मोजून ठरलेल्या क्षणीच रीडिंग घ्या, २५० किंवा ५०० सॅम्पल पुरतात. मॉड्यूलसोबत फिरणाऱ्या नमुना कोडमध्ये लीड सुटली की उद्गारचिन्ह प्रिंट होतं, प्लॉटर त्याने गोंधळतो, त्याऐवजी लीड सुटल्याचं सांगणाऱ्या एलओ प्लस आणि एलओ मायनस या पिनांची स्थिती वेगळ्या कॉलममध्ये पाठवा, कुठली लीड सुटतेय तेही कळेल. उनोवर एआरईएफ या रेफरन्स व्होल्टेजच्या पिनला ३.३ व्होल्ट देऊन कोडमध्ये एक्सटर्नल रेफरन्स निवडला तर रेंज पूर्ण वापरली जाते, फक्त आधी कोड अपलोड करायचा आणि मग वायर जोडायची.

उनोऐवजी ईएसपी ३२ बोर्ड वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. वायफाय चालू असताना एडीसी २ च्या पिना वापरता येत नाहीत, ३२ ते ३९ मधली पिन घ्या. आणि साधारण १०० मिलिसेकंदांच्या अंतराने उभे काटे येत असतील तर वायफाय जागं होताना ओढलेल्या करंटने ३.३ व्होल्ट हलतायत, राउटरचा बीकनही साधारण तेवढ्याच अंतराने येतो. वायफाय बंद करून बघा, काटे गेले तर मॉड्यूलला वेगळा रेग्युलेटर द्या.

एवढं सगळं झाल्यावर जी थोडी ५० हर्ट्झ उरेल तिला फिल्टर लावा, तेव्हा तो खरंच उपयोगी पडतो. पण तोही आकार बदलतो हे माहीत असू द्या. अरुंद नॉच, क्यू (नॉच किती अरुंद ते सांगणारा आकडा) ३० चा, प्रत्येक क्यूआरएसच्या धक्क्याने स्वतःच कंप पावतो आणि ते कंप ०.२ सेकंदांत जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतात, नेमकं एसटी (क्यूआरएस आणि टी यांच्यामधला भाग) आणि टी च्या जागेवर. लोकांना वाटतं नॉइज उरलाय, मग ते आणखी अरुंद नॉच लावतात आणि कंप आणखी लांबतो. ओळखायची खूण सोपी: खरी मेन दोन ठोक्यांच्या मधल्या शांत जागेतही तेवढीच असते, नॉचचा कंप आर (क्यूआरएसचं टोक) नंतर सुरू होऊन विरत जातो. क्यू कमी करा, किंवा साठवलेल्या डेटावर पुढून आणि मागून असा दोनदा फिल्टर चालवा. ०.५ हर्ट्झचा साधा हाय पास बेसलाइन स्थिर करतो पण एसटी भाग खाली ओढू शकतो, निदानासाठीच्या रेकॉर्डिंगला ०.०५ हर्ट्झ वापरतात ते याचसाठी. त्यामुळे या मॉड्यूलवर एसटी खाली गेलेला दिसला म्हणून घाबरू नका, आणि तो सरळ दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नका.

ट्रेस उलटा येत असेल तर उजवा-डावा हात अदलाबदल झालेत. रंगांवर विश्वास ठेवू नका. एका पद्धतीत उजवा हात लाल आणि डावा पिवळा, दुसरीत उजवा पांढरा आणि डावा काळा, हिरवा एकीकडे डावा पाय तर दुसरीकडे उजवा, आणि स्वस्त तीन वायरींच्या केबलमध्ये यातलं काहीच पाळलेलं नसतं. मल्टिमीटर लावून जॅकची कुठली कडी कुठल्या क्लिपला जाते ते बघा आणि टेपवर लिहून चिकटवा. ठोके दुप्पट मोजले जात असतील तर टी वेव्ह पण मोजली जातेय, एका आर नंतर २०० मिलिसेकंद तर काही मोजायचंच नाही आणि त्यापुढेही उतार किती तीव्र आहे ते बघायचं, पॅन आणि टॉम्पकिन्सच्या १९८५ च्या पद्धतीत हेच आहे.

आणि सगळं तपासून झालं, शॉर्ट टेस्ट सपाट, पॅच नवे, चार्जर काढलेला, तरी मध्येच एखादा रुंद वेगळा ठोका दिसतोय, असं झालं तर लगेच हार्डवेअरला दोष देऊ नका. नीट बघा: झटक्याने आलेला काटा असेल तर त्याच्या खालून नेहमीचे क्यूआरएस आपापल्या ठरलेल्या अंतरावर येतच राहतात, कंपासने मोजा, अंतर बिघडलेलं नसेल. पण तो ठोका वेळेआधी आला, रुंद आहे, त्याच्यामागे त्याची स्वतःची टी वेव्ह आहे आणि नंतर थोडा मोठा विराम पडतोय, तर तो शरीरातून आलेला असू शकतो. बऱ्याच निरोगी माणसांनाही असे ठोके येतात, पण ते ठरवायचं काम आपल्या मॉड्यूलचं नाही, डॉक्टरांकडे जाऊन १२ लीडचा ईसीजी काढून घ्या. आणि सोबत छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा दम लागत असेल तर बोर्ड तिथेच सोडा आणि लगेच निघा.